ओझरचं पातळ आसव

पंचवटी, नाशिक
माघ वद्य पंचमी, शके १८५६ (सन १९३५)

चि. सौ. मालू हिला दादाचे आशीर्वाद.

ज्यांचे भाऊ सभेत बोलतात आणि घरी येऊनही सभेतल्यासारखंच बोलतात, अशा समस्त भगिनींनो! तुमची तक्रार रास्त आहे. तुमच्या भावांनी तुम्हाला जन्मभर श्रोत्यांत बसवलं आणि तुमची बोलायची पाळी कधी येऊच दिली नाही.

बघ, पत्राची सुरुवातसुद्धा मला साधी जमत नाही. तू हसलीस तर बरं. हसली नसलीस तर तेही समजतो. संक्रांतीला तुझ्या शामसुंदररावांनी तिळगूळ पाठवला, त्यात तुझ्या हातची एक ओळ नव्हती. म्हणजे दत्तजयंतीचं माझं भाषण ओझरपर्यंत पोचलं.

इकडे सगळं ठीक. रामकुंडावर गर्दी बेताची आहे, भाजीबाजारात मटार उतरलाय. अण्णांची प्रकृती उत्तम. पहाटे गंगेवर जातात, दुपारी औषधं कुटतात, जेवतात व्यवस्थित. लंकाबाईंच्या स्वयंपाकाला हल्ली नावं ठेवत नाहीत. परवा आमटीत मीठच पडलं नव्हतं. अण्णा दोन वाट्या प्यायले आणि उठले. लंकाबाई मागून मला म्हणाल्या, "गंगाधरपंत, वैद्यबुवा ओरडले असते तर बरं वाटलं असतं हो." असो.

आधी त्या भाषणाविषयी. तू ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलंस, आता माझ्याकडून ऐक. विषय होता 'आमची जीभ आणि आमचा कणा'. मी म्हणालो, हे पातळ युग आहे. पातळ धोतर, पातळ चहा, पातळ विचार, आणि आता पातळ आसव! ज्या समाजाला कडू औषध गिळवत नाही, तो कडू सत्य काय गिळणार? टाळ्या अशा पडल्या की घाटावरची कबुतरं उडाली. तुझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. पंचवटीत कोणाच्या फडताळात कोणाची बाटली आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. वकील म्हणतात ओझरचं द्या, बाळंतिणी म्हणतात ओझरचं द्या, यात्रेकरू गावी नेताना ओझरचं मागतात. "डोकं जड होत नाही. जेवणावर घेता येतं." आपल्या लहानपणी म्हातारी माणसं अण्णांचं आसव डोळे मिटून शिक्षा भोगल्यासारखी घ्यायची. आता तीच माणसं तुझं आसव डोळे उघडे ठेवून, घोट घोट घेतात. मला हे अधःपतन वाटलं होतं.

सभेत मागून कोणीतरी ओरडलं, "पंत, गुत्त्यापुढे धरणं धरून तुरुंगात गेलात, घरच्या बरणीपुढे कधी धरणार?" मी गरजलो, "ते औषध आहे! ज्याची चटक लागते ते औषध नव्हे!" पुन्हा टाळ्या.

उतरलो तर निसार उभा. जुन्या नाशकातला, बाटल्या विकणारा. तुला माहीतच आहे. म्हणाला, "वा पंत, काय बोललात! पण चाखून बघितलंत ना दोन्ही?"

"मी थेंबाला शिवत नाही. तुरुंगातून सुटल्यापासून नेम आहे माझा."

"मग भाषण केलंत कशावर, बाटलीवर? बाटल्या तर दोन्हीकडे मीच देतो. एकाच पेटीतल्या."

मालू, चिडून घरी आलो आणि नेम मोडला. अण्णांच्या बरणीतलं वाटीभर घेतलं, आणि पहिल्याच घोटाला कळलं. तो सिरका होता. वर जळक्या गुळाची गोडी, खाली नुसतं आंबट. दिवाळीत अण्णांच्या जुन्या रोगी सावित्रीबाई वाटी खाली ठेवून पदराआड म्हणाल्या होत्या, "वैद्यबुवा, आंबलंय हो हे." अण्णा कडाडले, "तुमची जीभ बिघडली! ओझरच्या पाण्याची सवय झाली तुम्हाला!" आणि अण्णांच्या त्याच वाक्याचं मी पुढे दीड तासाचं व्याख्यान केलं होतं.

दुसऱ्या दिवशी लाज गुंडाळून निसारकडून तुझी भरलेली बाटली आणली. कागदात गुंडाळून देताना तो नुसता हसला, आणि ते मला जास्त लागलं.

तुझं आसव मी उजेडासमोर धरलं तर पलीकडची खिडकी दिसली. आधी द्राक्ष लागलं. मग मिऱ्यांची ऊब. आणि सगळ्यांच्या मागे धायटीच्या फुलांचा तो तुरटपणा, अगदी अण्णांच्या हातचा. मालू, ते अण्णांचंच आसव आहे. फक्त ओरडत नाही.

इथवर लिहून मी उठलो होतो. ओट्यावर दोन फेऱ्या घातल्या. जे सांगायचं ते अजून सांगितलंच नाही.

मी एक खोडी केली. अण्णा रोज जेवणानंतर आपलं आसव घेतात, त्या वाटीत एक दिवस तुझं ओतलं. म्हटलं, ओळखतील. एक तर संतापतील, नाहीतर विरघळतील. काहीही झालं तरी तीन वर्षांनी या घरात तुझं नाव तरी निघेल. अण्णांनी घोट घेतला, मान हलवली. "चांगलं उतरलंय यंदा."

दुसऱ्या दिवशी बरणीतलं दिलं. तीच मान, तेच वाक्य. "चांगलं उतरलंय यंदा."

मग वाटी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "कसं लागतं रे तुला?"

सगळ्या पंचवटीला जीभ बाहेर काढायला लावणारा हा माणूस. त्यांनी आयुष्यात कोणाला 'कसं लागतं' असं विचारलेलं तुला आठवतं का? आणि कलेक्टरच्या तोंडावर बोलणारा मी म्हणालो, "चांगलं लागतं, अण्णा."

अण्णांची चव गेली आहे, मालू. गेल्या साली थंडीत ताप आला होता, तेव्हापासून असावी. काही लागेना म्हणून गूळ वाढवला असेल, दिवस वाढवले असतील. लोकांची आवड बदलली हे खरं. ते तुझ्याकडे एरवीही आलेच असते. पण इथून ते उठून गेले त्याला आवड कारण नव्हती, आणि मी ती साऱ्या गावाच्या माथी मारली.

तीन वर्षांपूर्वीची ती दुपार मला सारखी दिसते. तू वाटी पुढे केलीस. अण्णा म्हणाले, "काबुली मनुका नाहीत, अर्धाच गूळ, आणि महिन्याआधी बरणी फोडायची? हे आसव नव्हे, सरबत आहे." तू एवढंच म्हणालीस, "अण्णा, एकदा चाखा तरी." त्यांनी चाखलं नाही. मी मध्ये पडून परंपरेवर बोललो. तू भरली वाटी तशीच हातात धरून बाहेर पडलीस. ज्या घोटासाठी तू इतकी वर्षं थांबलीस तो घोट अण्णांनी घेतला, मालू, आणि तो त्यांना कळला नाही. याला जबाबदार मी आहे. तेव्हा मी गप्प बसलो असतो तर कदाचित त्यांनी तो वेळेवर घेतला असता.

शिवरात्रीच्या पारण्याला दरवर्षीप्रमाणे नवी बरणी भरायची आहे. ती पुरायला घोटीहून भाताचं तूस आलंय. मनुका निवडून झाल्या. काल अण्णा रिकाम्या बरणीला आतून तूप लावत बसले होते. मधेच म्हणाले, "ओझरची द्राक्षं उतरली का रे?" मी म्हटलं, उतरली असतील. त्यांनी बोटभर तूप आणखी घेतलं. मग, "ती गूळ किती घालते?"

"माहीत नाही अण्णा. विचारू?"

"विचार." पुन्हा तूप लावू लागले. "नको. राहू दे."

ही बरणीही बिघडली तर उरलेले चार रोगी जातील, याचं मला एवढं भय नाही. पुन्हा एकदा ते मला 'कसं लागतं' विचारतील आणि मी पुन्हा खोटं बोलेन, याचं भय आहे. त्यांचे कान अजून शाबूत आहेत. बरणीला कान लावून आतलं उसळणं किती दिवसांचं हे ते सांगतात, आणि ते मला काय, तुलाही येणार नाही. जीभ मात्र या घरात आता एकच आहे. ती ओझरला आहे.

म्हणून एकच मागणं. पारण्याच्या दिवशी सकाळच्या मोटारीने ये. येताना द्राक्षांची एक पाटी आण. माझ्या भाषणाचा विषय काढू नकोस. ते ज्या घाटावर केलं तिथेच उभा राहून मी परत घेईन. त्यांच्या जिभेविषयी एक अक्षर बोलू नकोस, डोळ्यांत पाणी आणू नकोस. सरळ आत जा, त्यांच्याजवळ बस, आणि बरणीचं तोंड बांधायच्या आधी हात पुढे करून एवढंच म्हण: "अण्णा, आधी मला चाखू द्या."

मी झाकण धरून उभा असेन. बोलणार नाही.

न चाखता बोललेला,
तुझा दादा
गंगाधर