नळाजवळची माती

प्रिय बाबा,

तिसऱ्या बाटलीतला पिवळा रंग काल दुपारी पूर्ण गेला. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी स्वतः दोनदा तपासून तशी सही केली. सगळे खूश झाले. मी मात्र तेव्हापासून खुर्चीत टिकत नाहीये. बसते, उठते, पुसलेल्या बाटल्या पुन्हा पुसते.

मागच्या खेपेला तुम्ही मातीच्या तीन पिशव्या दिल्यात, त्यांचीच ही हकिगत. दोन तुमच्या क्रोमचा मुलामा देणाऱ्या जुन्या कारखान्यामागच्या. तिसरी मी तुलनेसाठी मागितली होती, जिथे कारखान्याचं काहीच पोचलं नसेल अशा जागेची. तिन्हींत आम्ही विषारी क्रोमचं पिवळं पाणी ओतलं. मातीतले काही जिवाणू या क्रोमचं रूपच पालटतात. धातू नाहीसा होत नाही, पण पाण्यातून सुटून तळाला बसतो आणि त्याची नांगी मोडते. उकळून जिवाणू मारलेल्या मातीत पाणी पिवळंच राहिलं, म्हणजे काम त्यांचंच. पण एवढ्या झपाट्याने काम करणारे सहसा तिथेच सापडतात, जिथे वर्षानुवर्षं विष झिरपलंय आणि त्यात तेवढेच तगलेत. कारखान्यामागच्या मातीला नऊ दिवस लागले. तुलनेची बाटली उशिरा लावली होती, तिला चारच. मॅडम हसत म्हणाल्या, तुझी ही स्वच्छ माती भलतीच साळसूद निघाली गं, आणलीस तरी कुठून?

मी हसले नाही. पिशवीवर तुमचं अक्षर होतं, ‘आपलं अंगण, नळाजवळ. एकदम चोख.’

आठवतं ना? कामावरून आलात की बूट दाराबाहेर आणि कपडे थेट नळाखाली. कारखान्याचा कणही घरात येता कामा नये, हा तुमचा शिरस्ता. पिवळ्या ओघळात मी कागदाच्या होड्या सोडायचे. आई कपडे चोळायची. तिच्या बोटांवरच्या जखमा भरायच्याच नाहीत आणि आपण सगळे साबणाच्या नावाने बोटं मोडायचो. वीस वर्षं ते पाणी विहिरीपासून चार पावलांवर मुरत होतं.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मग ताई तुमच्या कानाशी ओरडते. हे ओरडून सांगायचं नव्हतं, म्हणून आज माझ्याकडून घरी परत निघालेल्या तिच्याच हाती हे पत्र. विहिरीचं पाणी आजपासून पिऊ नका. ताईच्या छकुलीला नळाजवळच्या मातीत खेळू देऊ नका. तुम्ही विष घराबाहेर ठेवायलाच धडपडत होतात, हे मला ठाऊक आहे. तुम्हीही ते विसरू नका. सोमवारी सकाळी मॅडम आणि मी विहिरीचं पाणी तपासायला न्यायला येतोय. इथे काय धुतलं जायचं, असं त्या विचारतीलच. ते तुमच्या तोंडून आलेलं बरं. मी शेजारी उभी असेन.

तुमचंच,
शेंडेफळ