चालचलणुकीचा दाखला

राहुरी,
ता. ११ जानेवारी १९४५

प्रिय पुष्पावतीबाईंना मरियाचा प्रभूमध्ये सलाम.

तुमचं पत्र परवा मिळालं. नाताळची म्हणून पाठवलेली लोकरही मिळाली. लिडियानं लगेच मोजा विणायला घेतला, टाचेपाशी चुकली, सगळा उसवला आणि पुन्हा सुरू केला. इकडे थंडी फार आहे. मुळा नदीच्या काठी सकाळी इतकं धुकं असतं, की शाळेची घंटा ऐकू येते पण शाळा दिसत नाही. ज्वारी भरली आहे, त्यामुळे वरच्या वर्गातल्या मुली पाखरं राखायला शेतावर असतात. मी पाचसहा लहानग्यांना घेऊन बसते आणि हजेरीवर खोटं लिहीत नाही, म्हणून मोठ्या बाई माझ्यावर थोड्या नाराज आहेत.

आमची घरमालकीण राहीबाई भली आहे. रोज ताक देते, पोरीला हुरडा देते. लिडिया आता चौदाची झाली. कामाला चटपटीत आहे, बोलते कमी. आम्ही दोघी या थंडीतही ओसरीवरच झोपतो. तिला दार लावून घेतलेलं चालत नाही. तिला दमा आहे असं मी राहीबाईला सांगून ठेवलं आहे.

आता तुम्ही विचारलंत त्याबद्दल.

तुमच्या शाळेच्या मुलींच्या बोर्डिंगवर सुपरिंटेंडेंट म्हणून यशयांचा अर्ज आला आहे, हे वाचलं. नव्या नियमाप्रमाणे त्यांचं शिक्षकाचं सर्टिफिकेट नवं करून देण्याआधी कमिटीला चालचलणुकीची चौकशी करावी लागते, तेही समजलं. खर्ड्याच्या पोलीस पाटलाचा दाखला चांगला आहे आणि कर्जतचे पाळक शलमोनराव यांचा तर फारच चांगला. शलमोनराव लिहितात, की बायको वेडाच्या भरात मयत भावाची मुलगी घेऊन निघून गेली, तरी या माणसानं तोंडातून वावगा शब्द काढला नाही.

हे खरं आहे. ते कधीच वावगा शब्द काढत नाहीत.

ते शिकवतात चांगलं. भूगोल तर फारच चांगला. अक्षर सुंदर आहे. व्यसन नाही. याउपर मला काही सांगायचं नाही. बाई, तुम्ही ट्रेनिंगमध्ये मला शिकवलंत, इथली नोकरी तुमच्या शब्दावर मिळाली, तुम्हांला नाही म्हणताना जीभ जड होते. पण माझंही सर्टिफिकेट मार्चमध्ये नवं व्हायचं आहे. इथं मी वडिलांच्या नावावर आहे, मरिया फिलिप. नवऱ्याला सोडून पळालेली वेडी बाई, असा शेरा एकदा पडला की कुठली शाळा आणि कुठलं काय? शिवाय लिडियाचे पालक कागदोपत्री तेच आहेत.

कमिटीसमोर माझं नाव काढू नका. राहुरी हा शब्दही काढू नका. हे पत्र चुलीत घाला.

तुमची विद्यार्थिनी,
मरिया


राहुरी,
ता. २३ जानेवारी १९४५

प्रिय बाई, सलाम.

तुमच्या दुसऱ्या पत्राला उत्तर देणार नव्हते. ‘मरिया, तू काही सांगायचं नाही असं लिहितेस, त्यातच मला पुष्कळ कळतं, पण कमिटीला कळणार नाही,’ असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मला तुमचा राग आला. तुम्ही नगरला, चार माणसांत. आम्ही इथं दोघीच.

मग शुक्रवारी असं झालं. मी शाळेतून आले तर राहीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. मला बघून म्हणाली, “बाई, येक मानूस आल्ता तुमच्या चौकशीला. डोक्याला रुमाल, हातात कागुद. म्हनला, मास्तरीन हितंच ऱ्हाती का, आन् तिच्यासंगं पोरगी हाय का?”

“मग? तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगितलं, व्हय. का? सांगू ने हुतं?”

“लिडिया कुठं आहे?”

“हितंच तर हुती की आत्ता.”

खोलीत नव्हती. विहिरीवर नव्हती. विहिरीत मी इतकी वाकून बघत होते, की राहीबाईनं मागून माझा पदर धरून ठेवला. शेवटी ती ज्वारीच्या शेतात सापडली, अगदी मध्यावर, ताटांच्या आड गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. त्या माणसाचा आवाज ऐकला तशी मागच्या दारानं पळाली होती. माझी हाक ओळखूनही तिनं ओ दिली नाही. तिला वाटलं, त्यांनी मला हाक मारायला लावली असेल.

दुसऱ्या दिवशी कळलं, तो बोर्डाचा शिपाई होता. माझ्याच सर्टिफिकेटच्या चौकशीला आला होता. मोठ्या बाई हसल्या. मीही हसले. पण लिडिया दोन दिवस जेवली नाही. मग तिला धीर यावा म्हणून मी सांगितलं, की काका इकडे येणार नाहीत, त्यांना नगरला बोर्डिंगवर जागा मिळते आहे.

ती म्हणाली, “काकी, बोर्डिंगातल्या पोरी तिथंच ऱ्हात्यात ना? रातंदिस?”

“हो.”

“आपन दोघी हुतो म्हनून पळालो. त्या कुठं पळत्याल?”

बाई, म्हणून हे पत्र.

खर्ड्याच्या आमच्या घरात पडवीत एक पेव होतं. धान्य साठवायला जमिनीत खोदतात तसं, तोंड एक माणूस उतरेल एवढं, आत माणूसभर खोल, वर दगडी झाकण. दुष्काळापासून रिकामंच होतं. लग्न झालं त्या वर्षी एकदा मी त्यांच्या पाहुण्यांसमोर त्यांचं बोलणं तोडलं. पाहुणे गेल्यावर ते मला काही बोलले नाहीत. हात धरून पेवापाशी नेलं आणि म्हणाले, “उतर. शांतपणे विचार कर.” झाकण सरकवलं. मी ओरडले तेव्हा वरून त्यांचा आवाज आला, स्तोत्र म्हणत असल्यासारखा, “मरिया, ओरडलीस की हवा लवकर संपते.”

ते मारत कधीच नसत. अंगावर वळ नाही, शेजारी आवाज नाही. दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं आणि आजही नाही.

मग त्यांचे भाऊ-भावजय तापानं गेले आणि लिडिया आमच्याकडे आली. तिचा पाढा चुकला, पाण्याचा तांब्या सांडला, की पेव. ते झाकणावर घोंगडी टाकून बसायचे आणि मुलांच्या पाट्या तपासायचे. मी पाया पडले, तर म्हणायचे, “तू मध्ये बोललीस, आता थोडं जास्त.” पेव उघडलं की कुणबी आधी त्यात दिवा सोडून बघतात, तो विझला तर माणूस उतरवत नाहीत. आमच्याकडे दिवा कोणी सोडला नाही.

एका दुपारी ती आत असतानाच ते निरोप आला म्हणून प्रार्थनेच्या सभेला गेले. जाताना झाकणावर जातं ठेवून गेले. ते मी कसं ढकललं, मला आठवत नाही. तिला वर ओढली तेव्हा तिचे ओठ जांभळे होते आणि डोळे उघडेच. तिला खांद्यावर टाकून मी जामखेडच्या वाटेला लागले. माझं वेड म्हणतात ते एवढंच.

आता तुम्हांला सगळं माहीत झालं. कमिटीला तोंडी सांगावं लागेल का? ते तिथं असतील का? ते नसतील अशा दिवशी मला बोलावता येणार नाही का? मला हे विचारायलाही लाज वाटते, पण त्यांच्यासमोर माझं तोंड उघडणार नाही हे मला पक्कं माहीत आहे.

तुमची,
मरिया


राहुरी,
ता. ९ फेब्रुवारी १९४५

प्रिय बाई,

त्या दिवशी कमिटीपुढून बाहेर आल्यावर मी तुमच्याशी एक शब्द बोलू शकले नाही, क्षमा करा. तुम्ही पाणी दिलंत, टांग्यात बसवलंत, तेवढं आठवतं. हरकत तुम्ही घेतली म्हणून तुम्हांलाच बाहेर बसवलं. आत काय झालं, ते शलमोनराव सांगतील तसं तुम्ही ऐकाल. म्हणून मी लिहिते.

लिडियाला आणायचं नव्हतं. तिला राहीबाईपाशी ठेवून मी स्टेशनावर गेले, तर ती माझ्या मागोमाग धावत आली. म्हणाली, “काकी, तू परत न्हाई आलीस तर मला कसं कळंल?” मग घेतली बरोबर.

मधे कमिटीच्या अध्यक्ष मडमसाहेब, त्यांच्या उजवीकडे कमिटीतलेच म्हणून शलमोनराव, आणि खिडकीपाशी ते. केस पांढरे झाले आहेत. मला बघताच उठून त्यांनी आपली खुर्ची माझ्यासाठी पुढे केली. म्हणाले, “मरिया, किती वाळलीस गं. बैस.” आणि बाई, मी बसले. त्यांनी बैस म्हटलं आणि मी बसले. मनात घोकून ठेवलेलं सगळं त्याच क्षणी गेलं.

शलमोनराव म्हणाले, “बाई, नवऱ्याविरुद्ध साक्ष देण्याआधी देवाची आठवण करा. या माणसानं पाच वर्षं तुमच्यासाठी प्रार्थना केली आहे.”

मडमसाहेबांनी विचारलं, “हे तुम्हांला मारत होते का?”

“नाही,” मी म्हणाले. खरं तेच. शलमोनरावांनी मान हलवली आणि समोरचे कागद एकावर एक ठेवायला सुरुवात केली.

मग कसंबसं पेवाचं सांगितलं. तुटक तुटक. माझ्याच कानांना ते खोटं वाटत होतं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, “मूल खोटं बोललं होतं. मी तिला घटकाभर पेवात बसवली, झाकण उघडं ठेवून. शिक्षकाला शिक्षा करावी लागते. मरियाची प्रकृती तेव्हा ठीक नव्हती. मी तिला दोष देत नाही.” आणि हसून म्हणाले, “मूल इथंच आहे. तिलाच विचारा ना.”

दाराशी लिडिया उभी होती. ते तिच्याकडे वळले आणि अगदी मायेनं म्हणाले, “लिडिया, बाळ, इकडे ये.”

ती गेली. कोणी ढकललं नाही, धाक घातला नाही. सरळ चालत त्यांच्यापुढे गेली, मान खाली घालून उभी राहिली आणि डोळे मिटून तिनं छाती भरून श्वास घेतला. आणि सोडला नाही.

शलमोनराव म्हणाले, “बोल मुली, घाबरू नकोस.” तिचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मडमसाहेब उठून उभ्या राहिल्या. “तिला काय होतंय? ती श्वास का घेत नाही?”

“पेवात उतरण्याआधी ती असाच भरून घ्यायची,” मी म्हणाले. “जास्त वेळ पुरावा म्हणून. हे तिला कोणी शिकवलेलं नाही.” माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका मोठा होता. मी जाऊन तिला मिठीत घेतली, तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, “सोड, सोड, आपण वरच आहोत,” असं म्हणत राहिले, तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला आणि माझ्या अंगावर कोसळली.

ते मात्र तेवढेच शांत. म्हणाले, “नाटक चांगलं बसवलं आहेस.” त्यावर मडमसाहेब म्हणाल्या, “मास्तर, आपण बाहेर जा.” शलमोनराव काही बोलायला गेले, तर त्यांना हातानंच थांबवलं.

बोर्डिंग त्यांना मिळणार नाही आणि सर्टिफिकेट चौकशी होईपर्यंत थांबवलं आहे, हे तुम्हांला कळलंच असेल. पुढचं मात्र कोणालाच माहीत नाही. व्हरांड्यात मी लिडियाला धरून चालले होते, ते खांबापाशी उभे होते. बाजूनं जाताना हळू म्हणाले, “राहीबाईंचं ताक चांगलं असतं, ऐकलंय.”

तेवढंच. वावगा शब्द नाही.

बाई, त्यांना आधीपासून ठाऊक होतं, की चौकशीत कोणी सांगितलं? कधीपासून? इथं येऊन लपलो, नाव बदललं, ते सगळं त्यांना बसल्या जागी दिसत होतं का? परत येताना गाडी थांबेल त्या प्रत्येक स्टेशनावर मी फलाटाकडे बघत होते. काल मी राहीबाईला सगळं सांगून टाकलं. दमा नाही, हेही सांगितलं. ती शेंगा निवडायची थांबली. म्हणाली, “आन् मी येड्यावानी कुनालाबी व्हय म्हनत हुते!” तिनं आपली बाज आमच्या ओसरीवर आणून टाकली आहे आणि मालकांना मळ्यातून घरी झोपायला बोलावलं आहे. तरी पानाची सळसळ झाली की मी उठून बसते. इथून बदली मागावी असं मनात येतं. मग वाटतं, जाऊन जाऊन कुठं जाणार? निदान इथं चार माणसांना माहीत आहे, की कोण आलं तर कोणाला हाक मारायची. माझ्या सर्टिफिकेटवर काय शेरा पडेल, ते मोठ्या बाई सांगत नाहीत. शलमोनरावांचं पत्र त्यांच्याकडे आलं आहे, एवढं मला कळलं आहे. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिते तेव्हा दाराकडे माझी पाठ असते, तेवढा वेळ फार लांब वाटतो.

लिडिया आज जेवली. जेवता जेवता म्हणाली, “काकी, त्या बाईस्नी लिव. बोर्डिंगातल्या येका तरी पोरीचं नाव कळवा म्हनावं.” कशाला गं, म्हटलं, तर म्हणाली, “आसंच. वाचली ती कोन, माहीत असावं.”

तेव्हा बाई, उलट टपालानं एका मुलीचं नाव कळवा. धाकट्यांपैकी एखादीचं.

तुमची,
भीत भीत का होईना, इथंच राहणारी,
मरिया