डावं कोपर

६ जाने. ७४, रवि.
सकाळी ह्यांना मागच्या खाचरात नेलं. भात कापून झालंय, जमीन कडक, सपाट. दिवाळीत अर्धांगाचा झटका आला, त्यातून डावा हात इतपत सुटला हेच पुष्कळ, असं डॉ. म्हणतात. पण व्यायाम रोज हवा. व्यायाम म्हटलं की हे तोंड फिरवतात. गोल्फची काठी पुढे केली तर घेतली. मार्चमध्ये देवळालीला पलटणीतल्या जुन्या मंडळींचा सामना आहे. खेळायचंच म्हणतात. बघू.

९ जाने.
काठी मागे नेताना डावं कोपर वाकतं. त्यांचंच सांगणं, हात उचलायचे नसतात. खांदा वळवायचा, हात मागोमाग जातात. डावा ताठ, उजवं कोपर बरगडीशी. सांगतात उत्तम. करताना दोन्ही हात डोक्यावर.
दूधवाली काशी बांधावर उभी राहून बघत होती. "बाय, मेजर काय झोडतान? भात त न्हाय दिसत कुठं."
हे हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा. मी काशीला आधी दूध मापायला सांगितलं.

१७ जाने.
जुन्या पातळाची पट्टी फाडून दोन्ही कोपरं बांधली, म्हणजे फाकणार नाहीत. मागे उभी राहून खांदा मी वळवते. चेंडू वेचायला पुन्हा मीच. कॉलेजात टेनिस खेळायचे तेव्हाही इतकी दमत नसे. पाठ... असो.

२८ जाने.
आज कोपर ताठ राहिलं, अगदी वरपर्यंत. चेंडू बांधापलीकडे. शाळेतल्या मुलीला म्हणावं तसं मला शाबास म्हणाले. देवळालीला येतो म्हणून कळवू का, विचारलं. म्हणाले, थांब जरा.

३ फेब्रु.
औषधं आणायला भिवंडीत. येताना एस.टी.त उभी. घरी पोचते तर हे जोडे घालून तयार. आज नको म्हणवेना. नेलं.

९ फेब्रु., शनि.
काठी वर असताना म्हटलं, उजवा हात सोडा, डाव्यात किती जोर आलाय बघू. सोडेनात. दरडावलं तेव्हा सोडला. डावा खाली आला, काठी पायाशी.
"इतके दिवस उजव्यानेच ओढतोय त्याला," म्हणाले. "तुला वाटत होतं जमतंय. मग नाही बोललो."
"आधी सांगायचं होतं. माझी पाठ मोडली."
पट्टी सोडली. दोघं बांधावर बसलो. ऊन चढलं तरी कुणी उठेना.

१४ फेब्रु.
चार दिवस गेलो नाही. काठ्या कोपऱ्यात. बरं वाटलं, खरं सांगायचं तर.
आज दुपारी मी जरा पडले होते तर मागून ठक् असा आवाज. उठून दारात गेले. हे एकटेच खाचरात, काठी एका उजव्या हातात. मागे नेतात ती कमरेपर्यंतच. दोनदा माती उडाली. तिसरा चेंडू गेला, जेमतेम. डावा हात कडेला लोंबत होता.
हाक मारली नाही.
चहाच्या वेळी विचारलं, देवळालीला काय कळवू?
"खोली तळमजल्यावर मिळेल का, विचार."
खेळायला की नुसतं बघायला, ते बोलले नाहीत. मी कार्ड लिहायला घेतलं.