खोडातला भंडारा

ता. २१ जानेवारी

विश्वादादा,

पाया पडते. आमी हितं खुशाल हाय. म्हंजे मी खुशाल हाय, आईचं फुडं लिवते.

नववीत शाळा सोडल्यापासनं पेन धरलं न्हाई, तवा अक्षराला हसू नगंस. वर्गात धडा वाचाय उठवलं की माझी जीभ कशी चिकटायची, तुला ठावं हाय. फोनवर बी तसंच हुतं. शिवाय आई स्पीकर लावून शेजारीच बसती.

आबा मेंढरं घिऊन पलूसकडं उसाच्या रानात हायत. काळी मेंढी व्याली. दोन कोकरं. एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय, त्याला मी सुभेदार म्हंते. आपल्या आंब्याला मोहोर आलाय, निम्म्याला. दुपारचं मी त्याच्याखाली पडते. ऊन पानातनं गळतं, माश्या घुमत्यात, आन् मी जागी हाय का झोपलेय ते माझं मला कळत न्हाई. खोडाला कान लावला की आतनं आवाज यायचा. कर्र, कर्र. मेंढरू रवंथ करतंय असा. तो ऐकत मी लय दिस झोपले. सपनात खोडाच्या आत जायची. आत पिवळा उजेड, लांब बोळ, गुळगुळीत भिंती, आन् फुडं कोणतरी हळूहळू चालतंय, माझ्याकडं पाठ करून.

मोहोर निम्म्यालाच का, ते सांगायला पत्र लिवाय बसले, आन् बाकीचंच लिवत बसलेय.

दिवाळीत तुझा फोन आला, पलटणीला वर बर्फात जायचा हुकूम झालाय म्हणून. आई आंब्याखाली बिरोबाच्या धोंड्यापाशी बसून रडत हुती. उठंना, जेवंना. मी शेजारी नुसती उभी. खाली बगितलं तर बुडाशी पिवळं भुरभुरीत पडलेलं. तोंडातनं निघून गेलं, "आई, भंडारा पडलाय गं."

आईनं वर बगितलं. खोडाच्या भोकातनं आजून गळत हुतं. तिनं चिमूटभर कपाळाला लावलं. "देवानं माझ्या पोराला राखलं," म्हणाली. त्या दिशी दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिशी शेजारची बनुबाई नारळ आन् चार माणसं घिऊन आली. मागनं एक म्हातारा म्हणाला, "कसला भंडारा, भुसा असंल." बनुबाई त्याच्या अंगावरच गेली. "आवं, ही पोरगी पावण्याला सवताचं नाव सांगत न्हाई, ती आपसूक बोलली! ती बोलली म्हंजे देव बोलला. तुमी दिसभर बोलता, तुमच्या तोंडातनं कवा देव आलाय का?" सगळी हसली. मी घरात पळाले.

तवा मला बी खरंच वाटलं हुतं, दादा. आईशप्पत.

आठ-धा दिसांनी पलूसचा नाथाजीमामा आला, आबांचा निरोप घिऊन. त्यो बागांची कामं करतो. आई हिरीवर गेलती. मामानं भुसा बोटावर घिऊन चोळला. "पोरी, ही भिरूड हाय. भुंग्याची अळी. आत खोड कोरत बसलीया. पयली हिकडं एवढी नव्हती. वीटभट्टीला ट्रकनं आंब्याचं सरपान येतंय, त्यातनं आली असंल."

"मग?"

"मग काय! तारंनं वढून काढ, पेट्रोलचा बोळा घाल, चिखलानं भोक बुजव. न्हाईतर दोन वर्सांत झाड चुलीत. आईला सांग."

मी मान हलवली. सांगितलं न्हाई.

आई रोज सकाळी वाटी घिऊन जायची, भंडारा भरायची, मग न्ह्यारी करायची. तुला पाकिटातनं पाठवला त्यो त्यातलाच. तू कपाळाला लावून फोटो धाडलास, आईनं गावभर दाखवला. दादा, ते अळीनं चावलेलं लाकूड हुतं. आन् तिची घाण. हसू नगंस. हस, पर आईला कळू दिऊ नगंस.

संक्रांतीला मोठी फांदी वाळली. तू झोका बांधायचास ती. मग मला ऱ्हावलं न्हाई. आई बाजारला गेल्यावर तुझ्या जुन्या सायकलीची तार काढली, टोक वाकवलं. अळी निघाली ती बोटाएवढी, पांढरी, मऊ, बिनडोळ्याची. सपनात माझ्या फुडं चालायचं ते हेच. लय वंगाळ वाटलं. बोळा घातला, चिखल लिंपला, कान लावला. आत काय बी न्हाई.

तवापासनं भंडारा बंद. आई तीन दिस झालं वाटी घिऊन बसती, जेवत न्हाई. "देव रुसला. माझ्या इश्वाला कायतरी झालं," म्हंती. तुझा फोन लागत न्हाई. तूच तिला सांग, देव सपनात आलता, आता भंडारा लागत न्हाई म्हणाला, असं कायतरी. माझ्यानं हुणार न्हाई.

ता. २२

पाकीट काल चिकटवलं न्हाई ते बरं झालं.

सकाळी पत्र टाकाय निघाले. आई वाटी घिऊन बसलेली. मनात आलं, ह्ये पोचायला धा दिस, तुझा फोन यायला आनी किती. तवर ही उपाशीच? मी मागं फिरले आन् वाटी तिच्या हातातनं घेतली.

"आई, तो भंडारा नव्हता. भिरूड हुती. मला म्हाईत हुतं."

"कवापासनं?"

"दिवाळी झाल्यापासनं. नाथाजीमामानं सांगितलं."

"मग माझा इश्वा?"

"दादाचं झाडाला काय ठावं, आई. झाड आजारी हुतं, एवढंच."

मारलं न्हाई. उठून घरात गेली. वाटलं, रडाय गेली. आली ती शेणमातीचा गोळा घिऊन. झाडाभवती फिरली, खोड चाचपलं. "आंधळे, ह्ये मागचं भोक ऱ्हायलंय की, डिंकाखाली." तार मागितली, आत फिरवली. भोक बुजवलं आन् वर देवाच्या डब्यातला खरा भंडारा लावला. मग हात धुतलं. "भाकरी टाक. भूक लागलीया."

झाड जगंल का ठावं न्हाई. वाळली फांदी आई कापू देत न्हाई. तू आल्यावर तुझ्या हातानं काप, म्हंती.

पाकिटात भंडारा हाय, सांगलीच्या हळदीचा, आईनं सवता पुडी बांधलीया. ह्यो कपाळाला लाव. आदला ऱ्हायला असंल तर टाकू नगंस. तो आपल्या झाडाचा हाय. बुडात घालायला तूच घिऊन ये.

तुझी, दोनदाच बोललेली बहीण,
सोनम