उपासात राहिलेली गोळी

आईला पुण्याहून वर्षालीचा नमस्कार.

थायरॉइडचा वाढवलेला डोस तुला जास्त होतोय, असं नव्या रिपोर्टात आल्याचं धनंजयदादाने काल सांगितलं. तुझी छाती धडधडते, हेही त्यानेच सांगितलं. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहितेय.

श्रावणभर तू गोळी घेतलीच नाहीस. "गोळीनं उपास मोडते ना रे," असं दादाला आता म्हणालीस. श्रावणानंतरच्या रिपोर्टात थायरॉइड कमी आलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, "गोळी रोज घेता ना?" तू म्हणालीस, "हो जी." म्हणून गोळी कमी पडतेय असं समजून त्यांनी डोस वाढवला, आणि आता तो तू रोज घेतेस.

माझं बरं चाललंय. बाबांचा गुडघा कसा आहे?

सोमवारी दादा तुला वर्ध्याला नेईल. डॉक्टर रागावले तरी श्रावणातलं खरं तूच सांग. यावेळी नुसतं "हो जी" म्हणून उठू नकोस.

तुझीच,
वर्षाली