रॉस्कोची ओळ

९ जून, रविवार

जनेसा आजही चर्चला आली नाही! सोळा वर्षांची नात, आणि पांघरुणातून डोकं काढेना. "आजी, तिथे माझं काय काम?" म्हणे. रॉस्को असता तर टोपी हातात घेऊन दाराशी नुसता उभा राहिला असता, आणि ही धावत आली असती.

तो जाऊन वर्ष झालं. उपासनेच्या सुरुवातीला माझा नवरा पुढे उभा राहायचा, गीताची एक ओळ झरझर म्हणायचा आणि थांबायचा. मग आम्ही सगळे तीच ओळ घोळवत, लांबवत त्याला परत द्यायचो. कुणाला वाचता येत नव्हतं तेव्हापासूनची ही रीत. आता पडद्यावर शब्द येतात. बाकीच्या डीकनांना, म्हणजे चर्चच्या कारभारी पुरुषांना, ओळ देणं जमत नाही, आणि बायकांना कोण विचारतं?

१२ जून

आगाऊपणा केला. जनेसा आंघोळीला गेली होती, तिचे इअरफोन टेबलावर. कानाला लावले. बाई गं! रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांतून येतं तसलं धडधड. रॅप! काढणार तोच येशूचं नाव आलं. मग बायबलातला योना आला, माशाचं पोट आलं...

ती केस पुसत बाहेर आली. "आजी! ते माझं आहे!"

"प्रभूचं नाव असल्या बडबडीत?"

"मग कुठे घेऊ? तुमच्या त्या पडद्यावर?"

जेवताना मक्याचा पाव तसाच उरला.

१५ जून

व्हर्नेलला सांगितलं. चर्चच्या दाराशी पांढरे हातमोजे घालून आम्ही दोघी लोकांना जागा दाखवतो, तिच्यापासून काय लपवायचं? म्हणाली, "पोरगी येशूचं ऐकते ना? माझा नातू काय ऐकतो ते सांगितलं तर तुझे मोजे काळे पडतील!"

२२ जून

महिन्यातला पाचवा रविवार मुलांचा असतो. चर्चच्या पाळकांनी जनेसाला त्या दिवशी रॅप करायला बोलावलं. ती म्हणाली, "तू नको म्हटलंस तर नाही करणार. पण मग मी मैत्रिणींबरोबर हायवेजवळच्या नव्या चर्चला जाईन. कायमची."

रॉस्कोच्या बाकावर मी एकटीच बसायचं? हो म्हटलं. मनातून नाही.

३० जून, रविवार

काय झालं आज!

जनेसा पुढे आली, पायांत खेळाचे बूट. ढोल सुरू. तिने ओळ फेकली — "अंधारात कोण आलं माझ्यासोबत!" आणि थांबली. मुलांनी ओळ तिथल्या तिथे परत दिली. पण आम्ही म्हातारे! ओळ देऊन कुणी थांबलं की आमचं तोंड आपोआप उघडतं. मागच्या बाकांवरून आम्हीही तीच ओळ उचलली — आमच्या पद्धतीने. "अं... धा... रा..." ढोल पुढे निघून गेला, आम्ही पहिल्याच शब्दावर! मुलं फिदीफिदी हसली. मी लाजेने मेले.

जनेसा हसली नाही. हात वर करून ढोल थांबवला, आणि आमची ओळ संपेपर्यंत उभी राहिली. अगदी रॉस्कोसारखी. मग दुसरी ओळ दिली.

व्हर्नेल रडत होती. मीही.

१ जुलै

भांडी पुसताना विचारलं, "असं थांबायला कुणी शिकवलं?"

"आजोबांनी. दुखण्यात मीच त्यांना हे रॅप ऐकवायचे. एक इअरफोन त्यांच्या कानात, एक माझ्या. म्हणायचे, ओळ दे आणि थांब. लोकांना आत यायला वेळ लागतो." मग हळूच, "ते गेल्यावर चर्चमध्ये कुणी थांबतच नाही गं."

आणि मी समजत होते, दार लावून दोघं झोपलेत!

"आजोबा आणखी एक म्हणायचे," पोरगी म्हणाली. "चूल पुसताना तुझी आजी माझ्यापेक्षा छान ओळ देते. फक्त कुणी तिला विचारत नाही."

रॉस्को, मेल्या, मला का नाही सांगितलंस?

७ जुलै, रविवार

पडद्यावर शब्द यायच्या आत मोजे काढून व्हर्नेलच्या हातात दिले आणि पुढे गेले. डीकन बघतच राहिले. ओळ दिली. थांबले. केवढी शांतता! — आणि मग रॉस्कोच्या बाकावरून पहिला आवाज आला, घोळवत, लांबवत. जनेसाचा.