उजव्या डब्यातली नीतू

८ जानेवारी, बुधवार

स्पीकर गेले! आणि गेले कोणाच्या आवाजावर — नीतूच्या! देवालाही कान आहेत म्हणायचे.

भजनी मंडळाच्या सगळ्या बाया दुपारी माझ्या टायपिंग क्लासात जमल्या होत्या. कॉम्प्युटर माझ्याकडे, म्हणून ऐकायचं काम माझ्याकडे. मंगेश मंडपवाल्यानं मंदिरात तीन रेकॉर्डिंग करून दिल्या. भजन तेच. एकदा मी एकटी, एकदा नीतू एकटी, एकदा दोघी मिळून. दोन फेब्रुवारीला तुमसरला खंजिरी भजनाची स्पर्धा आहे, आणि पुढे बसून गाणारी एकच पाहिजे. ऐकून ठरवू, असं रत्नाकाकूचं म्हणणं. त्या अध्यक्ष. त्यांच्यापुढे लाखनीत कोण बोलतं?

ऐकून ठरवू म्हणे! नऊ वर्षं मी पुढे बसते. नऊ वर्षांत कोणाला काही ठरवावं नाही लागलं.

माझं वाजलं तेव्हा ते जुने डबे घरघरत होते, तरी निभलं. मग नीतूचं लावलं. पहिलीच ओळ, तिनं जरा आवाज लावला आणि — फर्रर्र! संपलं. बाया हळहळल्या. ‘अवो, आता तं मजा येऊन राहिली होती!’ म्हणजे माझ्या वेळी सुतक होतं वाटते.

रत्नाकाकूनं मंडळाच्या पैशातून चार हजार दिले. ‘चांगले स्पीकर आण ज्योत्सना. शब्दन् शब्द समजला पाह्यजे. सव्वीस तारखेले झेंडावंदन झालं का इथंच बसू, आन् ठरवून टाकू.’

९ जानेवारी

जळते मी. हो, जळते! इथं लिहायला कोणाची चोरी आहे?

११ जानेवारी, शनिवार

हायवेवरच्या बंटीच्या दुकानात गेले. मोबाईलमध्ये दोन रेकॉर्डिंग भरून नेल्या — माझी एकटीची आणि दोघींची. नीतूची एकटीची घेतलीच नाही. कायले घेऊ? मले तिचं ऐकायचंच नाही.

बंटी खोकं दाखवतो. ‘ताई, पाच हजार वॅट!’ म्हटलं, बाबू, माझ्या मिक्सरला साडेसातशे लागतात, तेव्हा कुठं चटणी निघते. आणि हा चिमणीएवढा डबा पाच हजार खातो? हसायला लागला. खोक्याच्या मागं बारीक अक्षरात खरं लिहिलं होतं — वीस.

मग ते कॉम्प्युटरमधूनच करंट घेणारे छोटे लावले. छान दिसतात. पण आवाज असा की मी टिफिनच्या डब्यात बसून गाते आहे. नको.

मग वूफरवाला लावला. मधे मोठा डबा, बाजूला दोन लहान, वर निळे-लाल लाइट. आणि दोघींचं भजन लावलं तर काय सांगू! माझा आवाज मुळात भरीव. त्यावर तर असा घुमला, की दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक मागं वळून पाहायला लागलं. आणि नीतू? तिचा तो बारीक टोकदार आवाज त्या धबधबीत असा बुडाला की सापडेच ना. कुठं गेली पोट्टी!

लगेच घेतला. आवडला नाही तर आठ दिवसांत बदलून देतो म्हणाला. कशाला नाही आवडणार?

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकू माझ्या घरी. तीळगूळ माझा. वाणाच्या स्टीलच्या वाट्या माझ्या. आणि बाया काय म्हणतात — ‘नीतू, म्हण ना वो काही!’

म्हटलं तिनं. तिला काय, सांगायचीच खोटी. दोन वर्षं झाली मागच्या गल्लीत सून होऊन आली, सानगडीची. बाप तिथल्या तळ्यात मासे धरतो. या काठावरून त्या काठावर बापाला हाका मारत वाढली, म्हणून गळा असा मोकळा — हे सगळ्या बाया एकमेकींना कौतुकानं सांगतात. मी संगीताच्या तीन परीक्षा दिल्या, ते कोणाच्या तोंडून निघत नाही. ह्यांनीही स्वयंपाकघराच्या दारातून मान डोलवली. माझ्या भजनाला कधी डोलवली होती? आठवत नाही.

आणि तिची ती सवय! मंडळात नेमकी माझ्या उजव्या हाताला येऊन बसते आणि गाताना सारखी माझ्या तोंडाकडे पाहते. काय पाहते? चूक शोधते, दुसरं काय!

जरा मान मिळावा म्हणून नवे स्पीकर लावून दाखवले, माझं एकटीचं भजन. लाइट लागले. टेबलावरचे कप हलायला लागले. रत्नाकाकूनं कानावर हात ठेवला. ‘हा डीजे कोणाच्या वरातीतून उचलून आणला वो? शब्द कुठी आहे?’

सगळ्या खो-खो हसल्या. नीतू हसली नाही. म्हणते, ‘तरी बी ताईचा आवाज किती भरून येऊन राहिला.’

चापलूस!

१५ जानेवारी

वूफर परत केला. बंटीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. हे म्हणाले, ‘तुझ्या माहेरी तुमसरले डोमाजी आहे ना, त्याईले विचार. चाळीस वर्षं झाले, स्पीकरच खोलून राहिले.’ कधी कधी ह्यांनाही सुचतं.

१८ जानेवारी, शनिवार

तुमसर. भावाकडे चहा घेतला आणि सरळ डोमाजींकडे. राइस मिलच्या गल्लीत दुकान, सगळ्या सामानावर कोंड्याची धूळ. म्हातारा मान वर न करता म्हणतो, ‘कायच्यासाठी पाह्यजे? गाण्यासाठी का नाचण्यासाठी?’ गाण्यासाठी म्हटल्यावर मान वर केली.

‘चार हजारात नवीन घेसाल तं लाइट भेटते बाई. जुनं घेसाल तं लाकूड भेटते.’

कोपऱ्यातून दोन काळे डबे काढले. लाकडाचे, ओझं चांगलं. एकाचं समोरचं कापड फाटकं. वूफर नाही, लाइट नाही. मनात म्हटलं, हे? पण त्यांनी पुसून मोबाईलची पिन लावली. ‘तुमच्या वळखीचं लावा. आन् पह्यले हळू आयका. मोठ्यानं तं सारेच चांगले वाटते.’

दोघींचं लावलं.

काय आवाज होता! पेटीचा भाता हलतो तो श्वास ऐकू आला. खंजिरीवर रत्नाकाकूची बांगडी लागते ती ऐकू आली. मंगेशनं आम्हा दोघींना वेगवेगळे माइक दिले होते, ते आज समजलं — डाव्या डब्यातून मी, उजव्यातून नीतू. अगदी मंडळात बसतो तशा. हात लावावा तर लागेल!

आणि मग अंतरा आला. दुसरी ओळ, जिथं आवाज एकदम वर चढवायचा असतो. मी उजव्या डब्याला कान लावूनच होते, आणि तिथं — घसरली! नीतू घसरली! स्वरापर्यंत पोचली आणि खाली आली. थोडीच. पण आली! ओळ परत येते तेव्हा परत आली!

डोमाजी म्हणत होते, ‘बाई, दोन्ही डबे आयकून घ्या. जुना माल आहे, मंग मले बोल नोका लावू.’ मी म्हटलं, ऐकले, ऐकले. बत्तीसशे सांगितले, तेवढेच दिले. घासाघीस न करता! म्हाताराच दचकला. बांधून देताना समजावत होते — भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, कानाच्या उंचीवर ठेवा, दोन्हींचं तोंड बसणाऱ्याकडे करा.

बसमध्ये दोन्ही डबे मांडीवर घेऊन बसले. भंडाऱ्यापर्यंत हसू आवरेना. वूफरनं तिला झाकलं असतं. हे तिला उघडं पाडतील. रत्नाकाकूला शब्दन् शब्द पाहिजे ना? घ्या!

१९ जानेवारी

अकरा वेळा ऐकलं. अकराही वेळा घसरली. माझं एकटीचं नाही लावलं. मी कशी गाते ते मला माहीत आहे.

२२ जानेवारी, बुधवार

नीतू आली होती. सानगडीहून तिच्या बाबांनी झिंगे पाठवले, ते घेऊन. ‘ताई, स्पीकर पाहू?’ मी आधीच त्यांवर चादर टाकली होती. म्हटलं, सव्वीसला सगळ्यांबरोबर पाहा.

जायला उठली आणि दारात थांबली. पदराचं टोक पिळत म्हणते, ‘ताई, पट्टी काळी चारच ठेवाची का? मले उंच पडून राहिली. थोडी खाली घेतली तं?’

अस्सं! मनातलं ओठावर आलं! दिवाळीत रत्नाकाकूनंही हेच विचारलं होतं — पण मला! ‘पट्टी उतरवू का गं ज्योत्सना?’ जसं काही मी म्हातारी झाले. आठ दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी. आणि आता बघा, कोणाला झेपत नाही ते!

म्हटलं, ‘तुला झेपत नसेल तर तसं सगळ्यांसमोर सांग. मंडळाची पट्टी नाही बदलणार.’

‘बरं ताई,’ म्हणून गेली.

ह्यांनी झिंग्यांबरोबर दोनदा भात घेतला. मी वरणावर जेवले.

२६ जानेवारी, रविवार

झालं. मी पुढे बसणार. पहिल्यापासून लिहिते.

डोमाजींनी सांगितलं होतं तसं सकाळीच मांडलं. उजवा डबा बाहेर, टेबलाच्या कडेला, दोन जाड पुस्तकांवर, बरोबर बायांच्या कानाच्या उंचीला. आणि डावा — मागं सरकवला. कपाटाला टेकवून, फाईलींच्या आड. जागाच नव्हती, कोणी विचारलं तर सांगणार होते. कोणी विचारलं नाही.

झेंडावंदन करून अकराच्या अकरा जणी आल्या. बुंदीचे पुडे उघडले. रत्नाकाकू म्हणाल्या, पह्यले कोणतं लावते? मी म्हटलं, दोघींचं लावते.

‘अगो बाई, किती साफ!’ एक म्हणाली. अंतरा आला. दुसरी ओळ आली. आणि भरल्या खोलीत नीतूचा आवाज घसरला. रत्नाकाकूच्या कपाळावर आठी पडली. ओळ परत आली. परत घसरला.

‘थांबव गं. नीतू, हे तूच ना?’

मी नीतूकडे पाहत होते. तिच्या तोंडाकडे पाहायची आज माझी पाळी होती. ती आधी उजव्या डब्याकडे पाहत होती. मग तिची नजर मागं गेली, फाईलींकडे. मग माझ्याकडे. मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार. भांडणार. मी तयार होते.

‘हो काकू. मीच उतरली तिथं.’

‘दोन्ही टायमाले?’

‘दोन्ही टायमाले. चूक माहीच आहे. बाकीचं कायले आयकता? ताईलेच पुढे बसू द्या. मी मांगून साथ देईन.’

ठरलं. बाया उठल्या, बुंदी वाटली. रत्नाकाकूनं माझ्या पाठीवर हात ठेवला. नीतूनं रिकामे पुडे गोळा केले, खाली सांडलेले दाणे वेचले आणि गेली.

जिंकले मी! मग बुंदी कडू काहून लागली? तुपातच काही असेल.

२७ जानेवारी

उद्या चारला सराव, रत्नाकाकूच्या घरी. हे म्हणाले, ‘आता तं खूश ना?’ हो म्हटलं.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी क्लास झाडताना टेबल सरकवलं, उजव्या डब्याची वायर निघाली. लक्षात आलं नाही. दोघींचं भजन लावलं तर डावाच वाजला. म्हणजे मी एकटीच.

त्या ओळीवर मी घसरते.

वायर लावली. दोन्ही डबे शेजारी ठेवले, सारख्या उंचीवर. आधी मी जाते खाली. ती वर पोचलेली असते, आणि अर्ध्या श्वासानं माझ्यामागं उतरते. ओळ परत येते, तेव्हाही तसंच.

मग तिचं एकटीचं लावलं. पहिल्यांदाच. तिथं ती सरळ वर जाते आणि वरच राहते.

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पावणेचार झाले. डबे पिशवीत भरले. मोबाईलमध्ये दोघींचं भजन आहे. उजव्याची वायर घरीच ठेवून जाते.